हाशमचाचांची नादारी

आमचे शेजारी हाशमचाचा आपली गरिबी सिद्ध करायला कोर्टात जातात तेव्हा शेरवानी घालतात. कानात अत्तराचा फायाही असतो. कंधारच्या कोर्टातल्या एका शिपायानं एकदा त्यांना सलाम ठोकून वकिलांच्या बाकावर नेऊन बसवलं होतं.

चाचा जन्माचे टेलर. वडिलांचं दुकान धाकट्या भावानं गुपचूप एकट्याच्या नावावर करून घेतलं, तेव्हा चाचा निम्म्या वाट्यासाठी दावा टाकायला निघाले. वकील परवडत नाही म्हणून स्वतःच वकील. कोर्टाची फी भरणं शक्य नाही म्हणून आधी फीमाफीसाठी नादारीचा अर्ज. तो मंजूर झाला तर दावा चालणार, नाहीतर दुकान गेलंच म्हणायचं. पण चाचांना ‘गरीब’ हा शब्द सोसत नाही. “मास्तर, मी गरीब न्हाई. वक्त गरीब हाय,” हे दर तारखेला मला ऐकावं लागतं.

मी रिटायर शिक्षक, म्हणून सोबत जातो. खरं सांगतो, कंटाळलोय. सकाळी जायचं, पुकारा होईपर्यंत लिंबाखाली डुलक्या काढायच्या, आणि पुढची तारीख घेऊन उन्हातनं घरी यायचं.

“निदान शेरवानी तरी घरी ठेवा,” मी म्हणतो.

“नादारीत अंगावरचे कपडे मोजत न्हाईत. इचारून आलोय मी,” चाचा म्हणतात. “मग फाटके कशाला घालू?”

शेवटी कोर्टानं तहसीलला कळवलं, याच्या घरी जाऊन बघा. तलाठी येणार म्हटल्यावर चाचा गल्लीभर फिरले. आमच्याकडून कूलर आणि खुर्च्या नेल्या, समोरच्यांकडून काचेचे कप, मागच्या घरातून गालिचा. तलाठी गार हवेत बसले, शिरखुर्मा खाल्ला, आणि अर्जदार खाऊनपिऊन सुखी आहे असा अहवाल देऊन मोकळे झाले. भावाच्या वकिलाला आणखी काय हवं होतं? मी कपाळावर हात मारून घेतला.

परवा मीच साक्षीला उभा राहिलो. कूलर माझा आहे, हे या वयात शपथेवर सांगितलं. खुर्च्या, कप, गालिचा, सगळ्यांचे मालक सांगून झाले. जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

“हाशममियाँ, गरिबीची चौकशी करायला माणूस येणार, आणि तुम्ही घर सजवलंत?”

चाचांनी शेरवानीचं बटण चाचपलं. मग हळूच म्हणाले, “साहेब, बेगम गेल्यापासून घरात कुणी येऊन बसलं न्हाई. लई दिवसांनी माणूस येणार होतं. त्याला खाली जमिनीवर कसं बसवू?”

अर्ज मंजूर झाला. फी माफ.

बाहेर आलो. मला वाटलं, आता तरी चाचा खूश होतील. ते पायरीवर थांबले.

“मास्तर, आता पुन्हा चौकशी न्हाई व्हायची?”

“नाही. ते संपलं. आता सरळ दावा.”

“म्हणजे घरी कुणी येणार न्हाई.”

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. “मी येतो की,” मी म्हणालो.

“या,” चाचा म्हणाले. “पर एकदम येऊ नका. कवा येणार ते आधी सांगा, म्हंजे वाट बघता येईल.”