फट किमान पाच मिलिमीटर

पहिलीच्या वर्गात चित्रकलेच्या नावाखाली इतकी वर्षं जो गोंधळ चालू होता, तो वरच्या कार्यालयाच्या अखेर लक्षात आला. गोंधळ असा की, मुलांना कागद मिळायचा, मुलं चित्र काढायची आणि तास संपायचा. मध्ये कुठलीही प्रक्रिया नव्हती.

मग परिपत्रक आलं. अकरा पानांचं. विषय होता, 'कलेच्या मूलतत्त्वांची टप्पेनिहाय अंमलबजावणी'. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, घनता आणि अवकाश ही कलेची सात मूलतत्त्वं. ती मुलांना एकदम मिसळून दिल्यामुळे मुलं थेट चित्रच काढतात, असं पाहणीत आढळलं होतं. तरी यापुढे एका वेळी एकच तत्त्व द्यावं. पहिला टप्पा रेषा. रेषेत पास झाल्याशिवाय कुणी आकाराला हात लावू नये. रंग तर लांबच राहिले.

चित्रकलेच्या सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. बोलण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. तीन वर्षं ते हंगामी होते. यंदाच्या तपासणीत वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला तर कायम होणार. एक जरी मूल पहिल्या टप्प्यावर अडकलं, तर घरी. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "हे बघ, यावर्षी कुणी तुझं मत विचारलं तरी देऊ नकोस."

"विचारणार कोण?"

"तेच म्हणतेय. उगाच आपणहून देशील."

पहिल्या तासाला सरांनी एकतीस मुलांना कागद वाटले आणि सांगितलं, "आज फक्त रेषा. उभी, आडवी, वाकडी, कशीही. पण रेषाच."

तीस मुलांनी रेषा काढल्या. एकतिसावी होती पेन्सिलखाऊ. हे नाव वर्गानेच ठेवलेलं. तिच्या प्रत्येक पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून ब्रशसारखं झालेलं असायचं. तिची रेषा कागदाच्या मधोमध निघाली, वर गेली, दोन टोकदार वळणं घेतली, मोठा वळसा घालून खाली आली आणि जिथून निघाली होती तिथेच येऊन टेकली.

"हे काय?" सर म्हणाले.

"मांजर."

"मी रेषा सांगितली होती ना?"

"रेषेचंच आहे की सर. बघा, हात उचललाच नाही मी."

म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच सरांना घाम फुटला. ते कागद घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. मोठ्या बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"दोन्ही टोकं भेटलीयेत?"

"भेटलीयेत."

"म्हणजे आकार झाला."

"झाला खरा."

"अहो सर, मग तुमच्या वर्गात दुसरा टप्पा सुरू झालाय! परवानगी कुठाय?"

वर पत्र गेलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. 'रेषेची दोन टोके परस्परांस मिळाल्यास तो आकार समजण्यात यावा. सबब पहिल्या टप्प्यावरील कोणत्याही रेषेच्या दोन टोकांत किमान पाच मिलिमीटर फट राखणे बंधनकारक आहे. फटींची नोंद ठेवावी.'

सरांनी पुठ्ठ्याची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली आणि दोरी बांधून गळ्यात अडकवली. एक वही आखली. तिच्यावर 'फट नोंदवही' असं लिहिलं. मुलं हुशार, त्यांनी दोन दिवसांत जमवून घेतलं. घराला फट ठेवली की दार म्हणायचं. चेंडूला फट ठेवली की पंक्चर म्हणायचं. सूर्याला ठेवली की काही म्हणायचं नाही, फक्त सरांकडे बघायचं.

पेन्सिलखाऊ काही ऐकेना. सर तिच्या बाकाशेजारी उकिडवे बसले.

"बाळ, इथे थोडी जागा सोड. एवढीशीच. ही पट्टी जाईल इतकी."

"मग मांजर गळेल ना सर."

"गळेल? काय गळेल?"

"आतलं सगळं."

"आत काय आहे?"

तिने पेन्सिल चावत विचार केला. "ते बाहेर आल्यावर कळेल. पण मग उपयोग काय?"

सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'फट : निरंक'. असं निरंक सलग सहा आठवडे लिहिलं. तोवर बाकीचा वर्ग आकारातून पुढे सरकून रंगापर्यंत पोचला होता. रंगाचा अधिकृत तक्ता वरून आला होता, पण झेरॉक्स करून आला होता. त्यामुळे त्यातले बाराही रंग करडे होते. प्रत्यक्ष रंग हाताळणं पुढच्या वर्षी असल्यामुळे यंदा फक्त तक्ता पाठ करायचा होता. लाल म्हणजे डावीकडून तिसरा, हिरवा म्हणजे खालच्या ओळीत दुसरा. मुलं घडाघडा म्हणायची. एकाने घरी जाऊन टोमॅटो 'डावीकडून तिसरा' आहे असं सांगितलं, तेव्हा त्याच्या आजोबांनी शाळेला फोन करून शाबासकी दिली.

पेन्सिलखाऊ मात्र मागच्या बाकावर पहिल्याच टप्प्यात. शेवटी सरांनी तिच्या आईला बोलावलं. आई कपडे शिवायची. ती गळ्यात टेप तसाच ठेवून आली. सरांच्या गळ्यातली पट्टी पाहून तिला आधी वाटलं, हेही शिवतात.

"तुमची मुलगी रेषा बंद करते," सर म्हणाले.

"मग?"

"बंद करायची नाहीये. फट ठेवायची आहे."

"कशाला?"

सरांनी परिपत्रक समजावलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मी कापडावर खडूने बाही आखते. रेषाच मारते ना? फिरून पहिल्या जागी आणली की बाही होते. तुमच्यासारखी फट सोडली तर कातरणार कुठून? गिऱ्हाईक हात कुठे घालणार?"

"ते व्यवसायात झालं. हे शिक्षण आहे."

"असं होय," आई म्हणाली. मग गळ्यातला टेप सारखा करत म्हणाली, "तिला ओरडू नका. घरी मीच तिला सांगते, शिवण उघडी ठेवायची नाही. आता एकदम उलटं सांगितलं तर माझ्यावरचा विश्वास जायचा तिचा."

सर ओरडणार नव्हतेच. त्यांना रडायला येत होतं. तपासणी चार दिवसांवर होती.

तपासणीच्या दिवशी साहेब वेळेवर आले. वेळेवर आले म्हणूनच मोठ्या बाई घाबरल्या. साहेबांनी फट नोंदवही चाळली, पट्टी हातात घेऊन तिची रुंदी आपल्या पट्टीने मोजली आणि मान डोलावली. मग म्हणाले, "मुलांनो, काढा. आपापल्या टप्प्यावरचं." आणि पहिल्या ओळीपासून फिरायला लागले.

सर भिंतीला टेकून मागच्या बाकाकडे बघत होते. पेन्सिलखाऊने जीभ बाहेर काढली होती, म्हणजे काम जोरात होतं. साहेब तिसऱ्या ओळीत आले. सर सरकत सरकत तिच्याजवळ पोचले. काय काढलंय ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढंच दिसलं की एक लांब रेषा वळून परत आपल्या सुरुवातीकडे निघाली आहे. साहेब एक बाक पुढे. रेषा टेकली. सरांनी हात घातला आणि कागद उलटा केला.

पेन्सिलखाऊने वर पाहिलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

साहेब येऊन उभे राहिले. समोर कोरा कागद. साहेबांनी तो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"हिला हे कुणी शिकवलं?"

सर चाचरले. "मी... म्हणजे ती स्वतःच..."

"अवकाश!" साहेब म्हणाले. "सातवा टप्पा! रिकामी जागा! अहो, मोठमोठी माणसं रेषेत आणि रंगात अडकून पडतात. सहा वर्षांच्या पोरीने सगळं ओलांडलं. आणि फट बघा. चहूबाजूंनी फटच फट!" त्यांनी कोऱ्या कागदावर शिक्का मारला, सही केली आणि तारीख टाकली.

निकाल शंभर टक्के लागला. सर कायम झाले. पत्र हातात पडलं तेव्हा बायको म्हणाली, "बघ, गप्प बसलास की कसं होतं!"

वार्षिक प्रदर्शनासाठी मोठ्या बाईंनी आदेश काढला. वर्गात सातव्या टप्प्याची पात्रता सिद्ध झालेली असल्याने सर्वच मुलांनी अवकाश सादर करावा. एकतीस कागद लागले. दोन परत पाठवावे लागले, कारण त्यांवर अंगठ्याचे ठसे होते. मधोमध, साहेबांच्या शिक्क्यासह, पेन्सिलखाऊचा कागद. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी.

पालकांची झुंबड उडाली.

"संयम बघा किती आहे!"

"नाहीतर आपण. कागद दिसला की खरडलंच."

"घरी तर हा भिंतीसुद्धा सोडत नव्हता हो. शाळेने नुसतं सोनं केलं पोराचं."

पेन्सिलखाऊची आई आली ती सरळ कागदापाशी गेली. शिवणारी बाई, कापड आधी उलटं करून बघायची सवय. तिने टाचणी काढली आणि कागद उलटा केला.

मागे सर होते. गळ्यात पट्टी, एक खांदा थोडा वाकलेला, डोळे मोठे आणि भेदरलेले, शेजारी खिडकी, खिडकीत झाड. हुबेहूब. डोक्यापासून बुटांपर्यंत सगळी रेषा नीट बंद केलेली, कुठे केसाएवढीही फट नाही.

"सर, ही बाजू का नाही लावलीत?" आईने विचारलं.

सर बघतच राहिले. त्यांना इतकं लक्षपूर्वक आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तपासणीच्या साहेबांनी तर नाहीच. ते काही बोलणार होते. तेवढ्यात मागून एक वडील पुढे झाले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "ताई, ती बाजू नका दाखवू. ती तपासलेली नाहीये."

"शिक्का या बाजूला आहे ना," आणखी कुणीतरी म्हणालं.

सरांनी आईच्या हातून कागद हलकेच घेतला, शिक्क्याची बाजू वर केली आणि टाचणी पुन्हा टोचली. पेन्सिलखाऊ आईचा पदर धरून उभी होती. तिच्या हातात नवी पेन्सिल होती. तिचं मागचं टोक अगदी गुळगुळीत होतं.

आणि हो, त्या गर्दीत तुम्हीही होतात. चिठ्ठ्या वाचत वाचत तुम्ही आपल्या मुलाच्या कागदापाशी पोचलात, दोन पावलं मागे सरकलात, मान तिरकी केलीत, मोबाइलवर फोटो काढलात. आणि शेजारच्या मुलाच्या कागदाकडे हळूच बघून तुम्हाला वाटलं, आपल्याचा जरा जास्त पांढरा आहे.