खासनीसकाकांचं सायप्रस

पाण्याची सीलबंद बाटली खासनीसकाका कानाशी धरून उघडतात. बूच फिरवताना 'कट्ट' असा आवाज आला तरच पाणी पितात, नाहीतर बाटली परत. इथे आखातात, अल हैलमधल्या आमच्या बिल्डिंगखालचा दुकानदार आता त्यांना येताना बघूनच दुसरी बाटली काढून ठेवतो.

काका रुसैलच्या एका पाइप कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत. दिवसभर पाइपांवर संशय घ्यायचा त्यांना पगार मिळतो. घरी आल्यावर तेच काम ते फुकट चालू ठेवतात. "कशावरून?" हा त्यांचा लाडका शब्द. एकदा मी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. "कशावरून?" म्हणाले. "ती तारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने घातलीय." टॅक्सीवाला "इन्शाल्ला, वेळेवर पोचू" म्हणाला की काका मागून विचारणार, "म्हणजे हो की नाही?"

अशा माणसाबरोबर आम्ही नवरा-बायको ईदच्या सुट्टीत सायप्रसला गेलो. बेत उषाकाकूंचा. काकूंचे गुडघे पार गेलेत. सुट्टी संपली की पुण्यात ऑपरेशन ठरलेलं, तेही चौथ्या डॉक्टरकडे. आधीचे तीन काकांनी नापास केले होते. "त्याआधी एकदा कुठेतरी लांब जाऊन येऊ या हो," असं काकू म्हणाल्या आणि काकांनी चक्क एकही प्रश्न न विचारता तिकिटं काढली. आम्हाला बरोबर घेतलं ते, मला वाटतं, साक्षीदार म्हणून.

पोचल्यापासून तपासणी सुरू. हॉटेलवाल्याने समुद्र दिसणारी खोली दिली, तर काका गॅलरीत बराच वेळ उभे. "समुद्र आहे," त्यांनी अखेर मान्य केलं, "पण तो आपल्याकडेही आहे." जेवणात हलुमी नावाचं भाजलेलं चीज आलं. काट्याने उलटंपालटं करून म्हणाले, "पनीर आहे. नाव बदलून देतायत." आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा ते बूट-मोजे घालून वाळूत बसले आणि आमच्या चपलांवर पहारा देत राहिले.

कहर झाला तो पाफोसला. तिथे जुन्या रोमन घरांच्या फरश्या आहेत, बारीक रंगीत दगड बसवून काढलेल्या चित्रांच्या. वाट लांब आणि खडबडीत, म्हणून काकू फाटकाजवळच्या बाकावर थांबल्या. "तुम्ही बघून या."

आमची गाइड साठीची एक हसतमुख बाई होती. "ही फरशी एका शेतकऱ्याला नांगरताना सापडली," ती इंग्रजीत म्हणाली.

काकांचं इंग्रजी तयारच होतं. "कशावरून त्यानेच बसवली नसेल?"

"सर, ती जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे."

"मग रंग कसा उडाला नाही?"

पुढे तिने प्रेमाची देवी इथल्याच समुद्राच्या फेसातून जन्मली, ती गोष्ट सांगितली.

"कोणी बघितलं?"

बाईचं हसू तिथे संपलं. त्यानंतर ती फक्त माझ्या नवऱ्याकडे बघून बोलू लागली. थोड्या वेळाने पाहते तर काका गायब! नक्कीच तिकीट खिडकीवर भांडायला गेले, असं मला वाटलं. परक्या मुलखात तमाशा नको म्हणून मी मागोमाग धावले.

ते काकूंशेजारी बाकावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

"...मोर आहे गं, एवढा मोठा. पिसारा फुलवलेला. आणि द्राक्षांचे घोस तर असे, की तोडून खावेत. दोन हजार वर्षं मातीखाली होतं सगळं. एक शेतकरी बिचारा नांगरत होता, त्याच्या नांगराला लागलं."

"अगंबाई! खरंच?"

"खरंच. आणि इथली देवी माहितीये? समुद्राच्या फेसातून वर आली. त्या तिकडे."

काकूंनी त्या दिशेला हात जोडले.

मग काकूंनी हळूच विचारलं, "ऑपरेशननंतर मला चालता येईल ना हो?"

काकूंच्या मांडीवरची पर्स काकांनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, तिची चेन उगाचच उघडली, लावली.

"येईल," ते म्हणाले. "न यायला काय झालं?"

एवढ्यात झाडाची सावली सरकून काकूंच्या खांद्यावर ऊन आलं. काका उठले, काकूंना आत सरकायला लावलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूला जाऊन बसले.

मी पायाचा आवाज न करता परत फिरले.