पन्नास की पंचावन्न

अजिनाथच्या मोटारसायकलला मागचा टायर हवा होता, आणि तो कोणता घ्यावा याचा विचार तो उन्हाळाभर करत होता. गाडी लांब पल्ल्याची, परदेशी, सेकंडहँड; पडेगावच्या त्याच्या गल्लीत लावली की अर्धी गल्ली बंद. रुंदीचा प्रश्न नव्हता, प्रश्न गालांचा, म्हणजे टायरच्या कडेच्या उंचीचा होता. पन्नासचा टायर बसक्या गालांचा, सरळ रस्त्याला उत्तम. पंचावन्नचा उंच गालांचा, पाठीला गोल. वळणावर गाडी आपसूक कलते. आणि अजिनाथचं दुखणं वळणातच होतं. मागच्या खेपेला म्हैसमाळच्या घाटात दुधाच्या कॅनी लावलेल्या एका लुनानं त्याला मागं टाकलं होतं. "टायर झिजलाय," असं त्यानं आपल्या बायकर ग्रुपला सांगितलं आणि येत्या रविवारी नव्या टायरवर सगळ्यांच्या आधी पोचून दाखवतो, असा शब्दही देऊन बसला.

क्रांती चौकातला टायरवाला सांडू त्याला कंटाळला होता.

"अरे भाई, पोरगी पसंत करायलाबी एवढा टाइम नाय लागत. दोन्ही घरी ने. हात फिरव, उशाला घे, काय करायचं ते कर. पण एक परत आण."

अजिनाथनं दोन्ही टायर व्हरांड्यात ठेवले आणि त्यांच्यासमोर बसून राहिला. शुक्रवारी सकाळी त्याचं ठरलं: पंचावन्न. तो पन्नासचा टायर घेऊन सांडूकडे गेला.

"पक्कं ना?" सांडूनं विचारलं.

"पक्कं."

घरी आला तर व्हरांडा रिकामा.

"आई, इथला टायर?"

"हाय की." म्हाळसाबाईंनी स्वयंपाकघराकडं बोट केलं.

शहर वाढत वाढत पडेगावपर्यंत आलं होतं, पण नळ अजून छावणीपर्यंतच आला होता. त्यामुळं घरात एक मोठा रांजण होता. तो आता काठोकाठ भरून टायरवर बसला होता, आणि टायर कारखान्यातून त्याच्यासाठीच निघाल्यासारखा दिसत होता.

"तिवई मोडली," म्हाळसाबाई म्हणाल्या. "टँकर दारात उभा. मंग काय पाणी पदरात घेऊ?"

"उचलू की आपण."

"भरला रांजण उचलला की बूड हातात येतं. तुझ्या आज्याचा हाय त्यो."

"मग पाणी काढून ठेवू."

"कशात?"

अजिनाथनं घरभर पाहिलं. ड्रम, हंडे, कुकर, सगळं भरलेलं. शेजाऱ्यांकडंही तेच, कारण टँकर सगळ्यांकडंच आला होता. त्यानं आपल्या हेल्मेटकडं पाहिलं. हेल्मेटला हवेची भोकं होती. ओतून देऊ, असं तो म्हणाला नाही. त्या टंचाईच्या साली पडेगावात असलं काही आईसमोर बोलत नसत.

उरला एकच मार्ग. अजिनाथ तांब्यावर तांब्या प्यायला. रांजणातलं पाणी हललं नाही, अजिनाथ मात्र हलला. मग त्यानं ग्रुपच्या म्होरक्याला, सम्यकला, फोन लावला.

"उद्या सगळे पाणी प्यायला या."

"नुसतं पाणी?"

"रांजणाचं हाय."

शनिवारी सगळा ग्रुप जाकिटं, ग्लोव्हज घालून घामाघूम होऊन आला. एकेकानं तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"अज्या, लई गार रे! बाटलीत नेऊ का घरी?"

"कॅन ने," अजिनाथ म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तांब्या तळाला घासायला लागला. पोरांना वाटेला लावून अजिनाथ चाक खोलायचा पाना मागायला चौकापर्यंत गेला. परत आला तर दारात टँकर, आणि टँकरचा पाइप रांजणात.

"पोरं तहानलेली आली आन् रांजण तळाला गेला. लाज वाटली मला," म्हाळसाबाई म्हणाल्या. "टँकरवाल्या कडुबाला सांगून जादा खेप मागवली. पोरं उद्याबी येणारेत म्हणं."

तेवढ्यात सम्यकचा फोन आला. "उद्या म्हैसमाळ कॅन्सल. एवढ्या उन्हात घाट कुठं चढता? सगळे तुझ्याकडंच."

रविवारी ग्रुप पडेगावला आला तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणं अजिनाथ सगळ्यांच्या आधी तिथं पोचलेला होता.

गर्दी पाहून शेजारच्या द्वारकाबाई डोकावल्या. रांजणाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अजिनाथ, हे असलं बूडखालचं कुठं मिळतं रं? माझाबी रांजण लई डुगडुगतो."

अजिनाथनं तांब्या खाली ठेवला.

"मावशी, बूड गोल हाय का चपटं?"

"चपटंच म्हण."

"मग पन्नास," अजिनाथ म्हणाला. त्यानं क्षणभरही विचार केला नाही.