बावीस हातांवर अडलेल्या पाण्याची हकीकत

जलदेवता प्रसन्न, आणि जो स्वतः मोजून बघेल त्याला बाकीचे देवही प्रसन्न. शके पंधराशे चव्वेचाळीस, दुंदुभीनाम संवत्सरी एका राज्यी वर्तले ते ऐसे जे, महाराजांच्या मनी आले की टेकडीवरल्या नव्या महाली हौद भरावा. तळे खाली, महाल चाळीस हात वर. मग विश्वंभरशास्त्री यांनी थोरला ग्रंथ उघडिला आणि वदले, "सृष्टीला पोकळीचे भय. नळातला वारा उपसला की पाणी आभाळापर्यंत धावते." मग सटवाजी तांबट यास हुकूम जाहला की दट्ट्याचा नळ उभा कर, दसऱ्याला हौद न भरला तर दोन्ही अंगठे उतरवू. आता तांबटाचे अंगठे गेले म्हणजे मागे उरले काय? सटवाजीने नळ ठोकला आणि गडी दट्ट्या ओढू लागले आणि पाणी चढले, चढले आणि बावीस हातांवर जे बसले ते हटेना. मग कातडे बदलले, सांधे लाखेने बुजवले, नळ जाड केला, बारीक केला आणि गाठींची दोरी सोडून मापले, तरी बावीसच. मग शास्त्रीबुवा जातीने खाली आले आणि नळाच्या तोंडाशी बसून ग्रंथातला तो अध्याय तीनदा मोठ्याने वाचते जाहले.

सटवाजी म्हणाला, "बुवा, पाणी अडाणी हाय. माझ्यासारखंच."

"नळ फुटका तुझा!"

"फुटका असता तर पाणी रोज येगळ्या जागी अडलं असतं. हे बेटं रोज तिथंच अडतंय."

दसरा चार दिवसांवर आला आणि सटवाजी अंगठे चोळीत टेकडीवर बसला, तो बायको चिमाई भरला हंडा घेऊन चढत आली आणि अर्ध्यावरल्या ओट्यावर हंडा टेकवून दम खाती जाहली.

"तोंड का पाडलंय?"

"पाणी चढंना."

"अवो, मी तरी कुठं एका दमात चढते? त्यालाबी मधी टेकू द्या की!"

सटवाजीने ओट्यावरून दोरी सोडली. तळ्यापासून वीस हात! मग ओट्यावर तांब्याची काहील मांडली आणि नळ मधोमध कापला आणि खाली एक, वर एक असे दोन दट्टे बसवले आणि दसऱ्यास पाणी काहिलीत विसावून वर हौदात पडले. महाराज गुडघाभर पाण्यात उभे राहून हसले आणि आज्ञा केली, "शास्त्रीबुवा, लिहा, भय बावीस हातांपुरतेच."

"ग्रंथात जागा नाही, महाराज."

"समासात लिहा."

"साक्ष कोणाची घालू?"

"मापले त्याची."

सटवाजीस अक्षर येत नव्हते. मग शास्त्रीबुवांनी स्वतः त्याचा अंगठा शाईत बुडवून समासी उठविला आणि वाळेस्तोवर पानावर फुंकर घातली.

येणेप्रमाणे पाणी वर गेले आणि अंगठे जागी राहिले. त्या पानाशी जो येई तो आधी ठसा बघे, मग ओळ वाची. वर्तमान इतुकेच.