छगनआबांचा नवस आणि भटूचे केस

धुळ्याजवळच्या गावात छगनआबांना वाऱ्याचा झटका आला, डावं अंग लुळं पडलं, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा भटू दीपनगरहून धावत घरी आला तो खांद्यापर्यंत मोकळे केस घेऊन. ओट्यावर जमलेल्या भाऊबंदांनी आधी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि मग आबांची तब्येत सांगितली.

"हाई काय रे डोकावर?" खाटेवरून आबांनी विचारलं. तोंड वाकडं झालं होतं, पण प्रश्न सरळ होता.

खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं. भटू दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरीला होता. कॉलनीतल्या एकाने मुंबईहून विलायती बँडांच्या कॅसेटी आणल्या, आयर्न मेडन आणि सॅक्सन असली नावं त्यांच्यावर होती, आणि भटूने त्या ऐकल्या. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. भटूला मात्र दिवसभर बॉयलरचा आवाज ऐकून ते संगीत घरचंच वाटलं. इंग्लंडातली कारखान्यांच्या गावातली पोरंही अशीच धुरात वाढलेली असणार, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं. मग जुनी गिटार आली. लग्नात ढोल बडवणारा निंबा ड्रमवर आला, आणखी दोघे आले, आणि बँडचं नाव पडलं 'थर्मल'. कॅसेटच्या कव्हरवर सगळ्यांचे केस खांद्यावर होते, म्हणून भटूनेही वाढवले. गिटार अर्धीमुर्धी आली, केस मात्र पूर्ण आले. आणि यंदा हातापाया पडून गणेश मंडळाचे सेक्रेटरी जीवरामभाऊंकडून त्याने एक संध्याकाळ मिळवली होती. लोकांपुढे एकदा वाजवायचं, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

हे सगळं लुळ्या पडलेल्या बापाला काय सांगणार?

"नवस शे, आबा," भटू म्हणाला. "गडवरनी देवीले. तुम्ही बरा व्हयनात का केस दिसू."

आपण बरे झालो की पोरगा देवीला केस देणार, हे ऐकून आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुनाकाका मात्र पाटबंधारे खात्यात शिपाई होते, त्यांना चौकशीची सवय होती. "झटका काल ऊना," ते म्हणाले. "केस ते दोन सालना दिसतस."

"माले सपन पडनं व्हतं, काका. दोन साल पह्यलेच."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भटूला पुढचं आधी दिसतं. दुसऱ्या दिवशी एकजण कापसाचा भाव विचारायला आला, एकजण हरवलेली म्हैस. म्हैस योगायोगाने सापडली, आणि भटूची सुटकेची उरलीसुरली वाटही संपली. तो दर सुट्टीला गावी येई, आबांचे पाय चेपी, आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मनासाठे केस वाढाई ऱ्हायना. असा पोऱ्या बठ्ठा गावमा नही." ते ऐकताना भटूला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

आणि त्या आनंदानेच असेल, आबा बरे होऊ लागले. आधी बोटं हलली, मग ते काठी घेऊन उभे राहिले. आषाढात अंगणात, श्रावणात गल्लीच्या टोकापर्यंत. भटू गणपतीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागला. गणपतीपर्यंत म्हाताऱ्याने जरा पडून राहायला काय हरकत आहे, असा विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला. स्वतःचीच एवढी किळस आली की त्या दिवशी तो जेवला नाही. आईला, कमलबाईला, वाटलं तोही उपासच.

पोळ्याला आबा बैलांमागे मारुतीपर्यंत चालत गेले. गावाने गुलाल उधळला.

"उद्याच गडवर निंघू," पुनाकाका म्हणाले.

"गणपती व्हऊ द्या ना, काका."

"देवीनं देनं ठेवतस का? झटका परत ऊना मंग?"

पण टेम्पो मिळेना, मग पाऊस लागला, मग कुणाला सुतक आलं, आणि करता करता गडावर जायला नेमका कार्यक्रमाचा आदला दिवस उजाडला. न्हाव्याने केस उतरवले. आबा म्हणाले, "मिशीबी दी टाक. हातराखून नको." मिशीही गेली. पाण्यात वाहून जाणाऱ्या आपल्या केसांकडे पाहून भटू रडला, आणि बाया म्हणाल्या, काय भक्ती आहे पोराची. गड उतरताना त्याने उद्या कॉलनीच्या मंडपात आपण वाजवणार असल्याचं आबांना सांगून टाकलं.

"तुनं वाजाडनं आयकाले मी ईसू," आबांनी जाहीर केलं. "मी गावले जाईसन कपडा बदलस आनि उद्या सांजले येस."

दुसऱ्या दिवशी भटू गुळगुळीत डोकं घेऊन कॉलनीत शिरला. फाटकावरच्या शिपायाने त्याला पाहून टोपी काढली. शेजारच्या मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. निंबाने खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. केसांचं दुःख एवढ्या लोकांना असेल असं भटूला वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"फार वाईट झालं," जीवरामभाऊ म्हणाले.

"इलाज नव्हता, भाऊ," भटू हुंदका देऊन म्हणाला.

मंडपात पडद्यामागे तो तारा जुळवत बसला. बाहेर माईक खरखरला. "आपल्या भटूवर काल दुःखाचा डोंगर कोसळला आहे," जीवरामभाऊंचा आवाज आला. "त्याचे वडील छगनआबा आपल्यात राहिले नाहीत. त्यामुळे आजचा वाद्यांचा कार्यक्रम रद्द करून आपण शोकसभा घेत आहोत. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

भटूच्या हातातली तार तुटली. केस आणि मिशी दोन्ही गेलेल्या माणसाकडे पाहून आपल्याकडे दुसरं काय समजणार, हे त्याला आत्ता कळलं. त्याने पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळी कॉलनी माना घालून उभी होती. मागच्या रांगेत धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन आबाही उभे होते.

"कोन गया, भाऊ?" आबांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं.

"भटूचे वडील. देवमाणूस होता म्हणतात."

आबांनी चमकून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा मान खाली घातली. भाषणं सुरू झाली. छगनआबांना कधी न पाहिलेल्या माणसांनी त्यांच्या कष्टांचं, संस्कारांचं आणि शेतकरी बाण्याचं वर्णन केलं. भटू पडदा सारून पुढे येणार, तेवढ्यात आबांनी लांबूनच हाताने थांबवलं. सत्तर वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

ऐकून झाल्यावर ते काठी टेकत स्टेजवर चढले.

"मी छगनना गाववाला," ते माईकमध्ये म्हणाले. "बठ्ठी जिंदगी आमी संगेच काढी. मानूस हट्टी व्हता. पन तेनी एकच इच्छा ऱ्हाई गई. पोऱ्यानं वाजाडनं तेले आयकाले भेटनं नही. केस दिधात त्या पोऱ्याने बापसाठे. आते तुमी वाजाडू द्या, नही ते छगनना जीव आठेच मंडपमा फिरत ऱ्हाई."

जीवरामभाऊ कोड्यात पडले. सुतकात वाजवता येत नाही, पण मेलेल्याची इच्छा मोडताही येत नाही. शेवटी त्यांनी घोषणा केली, "सर्वांनी उभ्यानेच, शांतपणे ऐकावं."

आणि थर्मल वाजला. एक तार कमी होती, निंबाचा ड्रम लग्नाच्या चालीकडे वळत होता, स्पीकर मध्येच किंचाळत होता, पण भटूने जीव ओतला. कारखान्यातल्या सगळ्या वाफा एकदम सुटाव्यात तसा आवाज झाला. समोर अख्खी कॉलनी हात जोडून, मान खाली घालून उभी होती. मंदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. वाजवून संपलं तेव्हा कुणीही टाळी वाजवली नाही. लोक एकेक करून आले, भटूसमोर वाकले आणि घरी गेले.

बापलेक रिकाम्या मंडपात उरले. भटूला धड हसू येईना, धड रडू येईना.

"आबा," तो म्हणाला, "खरं सांगा. कसं वाटनं?"

आबांनी कानात करंगळी घालून हलवली.

"मी मरेल व्हतू ते बरं व्हयनं, भटू," ते म्हणाले. "जित्ता मानूसनं काम नही हाई."