दाजीकाकांचे डच बांगडे

आमच्या कट्टा बाजारात डच भाषा येणारा एकच माणूस आहे, आणि त्याला त्या भाषेतलं एकच वाक्य येतं.

दाजीकाका आमचे शेजारी. एसटीतले रिटायर कंडक्टर. आता काजूची बाग बघतात, पण डोक्यातली गाडी अजून डेपोत लागलेली नाही. वाक्य असं: 'इक हेप फान्डाख फिस खकॉख्त.' म्हणजे, मी आज मासे विकत घेतले. नेदरलँड्सला असलेल्या मुलाने ते फोनवर शिकवलं, आणि तेव्हापासून स्टँडवर सापडेल त्याला धरून काका ते शिकवतात. माझे किती चहा त्यात थंड झाले त्याला गणती नाही.

"ह्यां बघ," ते सांगतात, "'हेप' म्हणजे वाक्याचो कंडक्टर. तेची दुसरी सीट राखीव. पयल्या सीटार कोणय बसांदे. 'फान्डाख', म्हणजे 'आज', येऊन बसलो तर 'इक', म्हणजे 'मी', गुमान उठान 'हेप'च्या मागे जाता. फान्डाख हेप इक. आणि 'घेतले' आसा ना, तो कायम मागच्या बाकार. आपल्या मराठीत बसता तसोच."

एका वाक्यासाठी एवढा आटापिटा कशाला, तर नातीसाठी. इरा सहा वर्षांची. तिला मराठी येत नाही, काकांना दुसरं काही येत नाही. काकी गेल्यापासून घरात काका एकटेच. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, इरा तोंड दाखवायची आणि पळायची. मग एका रविवारी काकांनी हे वाक्य टाकलं आणि पोरगी थांबली. कुठले मासे, असं विचारलंन; मुलाने ते मराठीत सांगितलं. काकांनी पिशवीतून एक काढून दाखवला. तेव्हापासून दर रविवारी हाच कार्यक्रम. सौंदाळे, तारली, बांगडा, सगळी नावं तिला पाठ. मात्र काकांचा एक नियम: मासे खरोखर घेतले असतील तरच वाक्य बोलायचं. "नातीवांगडा खोटा बोलूचा नाय."

आणि श्रावण लागला.

श्रावणात काका मासळी बाजाराच्या अंगानेसुद्धा जात नाहीत. पहिल्या रविवारी मासे नाहीत, म्हणून वाक्य नाही. त्यांनी हसून कॅमेऱ्यासमोर भेंडी धरली. इराने ती क्षणभर बघितली आणि ती निघून गेली. तो आठवडाभर काका स्टँडवर कोणाशी बोलले नाहीत. डचबद्दलसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ते मला मासळी बाजारात दिसले. छत्री नाकापर्यंत खाली ओढलेली. आमच्याकडे माणसं एकमेकांना छत्रीवरूनच ओळखतात, हे ते घाईत विसरले असावेत. दुपारपर्यंत गावभर झालं की दाजी श्रावणात बांगडे खातो. मला राहवेना. संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी गेलो.

फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. काका अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसलेले. हात लांब करून शेपटीला धरलेला एक बांगडा, आणि तोंड भलतीकडे फिरवलेलं, म्हणजे आपल्याला तो दिसायला नको. वाक्य खणखणीत झालं. फोनमधून चिवचिवाट आला: "बांगडो, आजो, बांगडो." नेदरलँड्समधून, मालवणीत.

कॉल संपल्यावर पिशवी मागच्या दारी मांजरांच्या पुढ्यात रिकामी झाली. "मांजरांक श्रावण नसता," एवढंच सांगून काका पुन्हा अंघोळीला गेले.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "काका, आता दुसरं एखादं वाक्य शिका. मासे नसलेलं."

ते पंच्याने हात पुसत होते.

"शिकलंय रे. 'तू कधी येतलंस?' सगळा तोंडपाठ आसा."

"मग विचारत का नाही?"

"पोर 'येवचंय नाय' म्हणाला तर मगे काय करू?"

मी घरी आलो आणि जेवण काही गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलो. त्यांची छत्री घरीच ठेवायला लावली. दोघं माझ्या छत्रीखाली, ती सरळ वर धरून. बांगडे त्यांनी निवडले, पिशवी मी घेतली, आणि सगळ्या बाजारातून सावकाश चालत आलो. आमच्याही घरी श्रावण असतो. बायकोला काय सांगायचं ते माझं मी बघून घेतलं.