मे महिन्यातले टोमॅटो

यंदा कोर्पी लेक गावातला पहिला लाल टोमॅटो कांगासांच्या घरचा असणार, असं आर्वो कांगासनं चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोला अजून मूठमाती मिळायची होती.

आता यात आर्वोचा काही निर्दयपणा नव्हता बरं का. सायमी गेली एप्रिलच्या सुरुवातीला. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या उत्तर टोकाला एप्रिलमध्ये कुदळ मारली तर कुदळच उसळून अंगावर येते. माणूस मरतो आपल्या वेळेला, पुरला जातो जमिनीच्या सवडीनं. त्यामुळे प्रार्थना झाली, जेवणं झाली, रडणं झालं, आणि सायमीची पेटी दफनभूमीतल्या दगडी कोठडीत मे महिन्याची वाट पाहत राहिली.

गेली त्याच आठवड्यात तिनं दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोचं बी टाकलं होतं आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडले होते. आर्वोला त्याचा पत्ताच नव्हता. प्रार्थनेच्या दिवशी पाहुण्यांसाठी कप शोधताना त्याला त्या डब्यांत हिरवी टोकं दिसली. हातातले कप तसेच ठेवून तो खिडकीशी बसला. बाहेरच्या खोलीत लोक कॉफीची वाट पाहत राहिले. सायमीच्या हातचं शेवटचं काम उगवून आलं होतं, आणि आता या घरात तिनं लावलेलं, अजून जिवंत असलेलं एवढंच होतं.

त्या दिवसापासून आर्वोला दुसरा उद्योग उरला नाही. जन्मभर रस्त्यावरचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवलेला हा दांडगा माणूस चमच्यानं रोपांना पाणी घालू लागला. डबे सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी दक्षिणेच्या. लोकांनी दुःखवट्याचं म्हणून आणून दिलेलं बटाट्या-खिम्याचं जेवण फ्रीजमध्ये तसंच पडून राही, पण रोपांची आबाळ नाही.

आणि मग त्याच्या डोक्यात तो पहिला टोमॅटो शिरला. कोर्पी लेकमध्ये ज्याच्या घरी पहिला टोमॅटो पिकेल त्यानं तो रविवारी चर्चच्या कॉफीच्या टेबलावर आणून ठेवायचा, अशी पद्धत आहे. बक्षीस वगैरे काही नाही. लोक येतात, बघतात आणि मनातल्या मनात जळतात. दरवर्षी तो टोमॅटो एडना ब्रोडीनचा. सायमी दरवर्षी दुसरी.

"तुझा पहिला?" एडना कॉफीच्या टेबलापलीकडून म्हणाली. "तुला टोमॅटोचं रोप आणि गवत यातला फरक कळतो का रे?"

"कळतो. गवत मी कापतो."

"आणि पिकवणार कसा माझ्याआधी?"

आर्वोनं खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "उभा जन्म आपण पट्टा तीनमध्ये काढला. झाडांच्या थंडीचा सरकारी नकाशा नवा आलाय. आता आपण पट्टा चार. बढती मिळालीये आपल्याला, एडना. मी मे महिन्यातच रोपं लावणार."

सायमीची धाकटी बहीण लेम्पी वेलदोड्याचा पाव कापत होती. ती सुरी न थांबवता म्हणाली, "तो नकाशा ऐन हिवाळ्याचा आहे, आर्वो. जानेवारीत कुठलं झाड तगेल, एवढंच त्यात असतं. मे महिन्यात कुठल्या रात्री दंव गोठेल, हे तो सांगत नाही. जून लागल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"सायमीनं जन्मभर जूनची वाट पाहिली आणि जन्मभर एडनाच्या मागं राहिली."

"एडनाही जूनमध्येच लावते."

"म्हणून तर मी मेमध्ये लावणार," आर्वो म्हणाला. यावर लेम्पीनं त्याला पावाचा तुकडा दिला.

जमीन वितळली. सायमीला टेकडीवरच्या दफनभूमीत पुरलं. दुसऱ्याच दिवशी आर्वोनं ओढ्याकाठच्या आपल्या परसात रोपं लावली. हवा अशी सुरेख पडली होती की लोक शर्टाच्या बाह्या दुमडून हिंडत होते. आर्वो येणाऱ्याजाणाऱ्याला 'पट्टा चार' असं ऐकवू लागला. लोक सुतकातल्या माणसाशी काय वाद घालायचा म्हणून मान डोलवत.

मग आला मेमोरियल डेचा शनिवार-रविवार. सोमवारी लढाईत गेलेल्यांच्या आणि आपापल्या माणसांच्या स्मरणाला सगळं गाव दफनभूमीत जमतं, म्हणून आदल्या शनिवारी बायका आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलझाडं लावतात. कुंड्या ठेवायला बंदी आहे, गवत कापायच्या यंत्राला आडव्या येतात, तेव्हा झाडं थेट मातीतच लावायची. लेम्पीनं सायमीच्या नव्या कबरीवर लाल बिगोनिया लावली. सायमीला लाल आवडत नसे, पण ते सांगायला आता ती नव्हती आणि आर्वोला ते ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी रेडिओ म्हणाला, आकाश निरभ्र, वारा नाही, रात्री दंव गोठणार.

 पण घाबरेल तो आर्वो कसला. त्यानं कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या, रोपांवर नीट पसरल्या आणि कडेनं दगड ठेवले. वाफा बिछान्यासारखा दिसू लागला. तो समाधानानं कॉफी करणार, तोच लेम्पीचा फोन.

"सायमीची बिगोनिया झाकलीस का?"

"अं?"

"नाही झाकलीस. उद्या अख्खं गाव तिच्यापुढं उभं राहणार, आणि झाडं काळी पडलेली. नवऱ्याला टोमॅटोची काळजी होती, बायकोची नव्हती, असं म्हणतील लोक. मी नाही म्हणणार, पण लोक म्हणतील."

आर्वोनं स्वतःच्या पलंगावरची चादर ओढली आणि टेकडी गाठली. तो सायमीला झाकत होता तेवढ्यात रस्त्यावरून एडनाची गाडी गेली. गेली, थांबली, मागं आली. एडनानं काच खाली केली, बघितलं, काच वर केली आणि घरी गेली. थोड्या वेळानं ती चादरींचा गठ्ठा घेऊन हजर.

तिनं आधी नवऱ्याला, मेल्विनला झाकलं. मग क्षणभर घुटमळून शेजारच्या पर्लला. ही पर्ल म्हणजे मेल्विनची पहिली बायको. तिच्या कबरीवरही एडना दरवर्षी पिटुनिया लावते, न लावून सांगते कुणाला. "तिला उघडी ठेवली तर लोक म्हणतील, सवतीवर अजून राग आहे," ती चादर खोचत म्हणाली.

"आहे का?"

"ते तुला कशाला सांगू?"

इकडे लेम्पीनं हळहळून मैत्रिणीला फोन केला होता. कुणी आजारी पडलं की एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला फोन करून प्रार्थना करायला सांगायचं, अशी चर्चच्या बायकांची साखळी आहे. लेम्पी म्हणाली, "आर्वो सायमीची कबर झाकतोय, बिचारा." पुढची म्हणाली, "आर्वो एकटाच दफनभूमी झाकतोय." तिच्यापुढची म्हणाली, "दफनभूमी झाकायचीये, चादरी घेऊन या." साखळी चर्चच्या धर्मगुरू पास्टरबाईंपर्यंत पोचली तेव्हा निरोप असा होता, की पास्टरबाईंनी घरटी चादरी मागवल्या आहेत. पास्टरबाई आयोवाहून नुकत्याच आलेल्या. ही इथली जुनी प्रथा असणार, विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, असा विचार करून त्या स्वतःच्या चादरी घेऊन निघाल्या.

बघता बघता टेकडीवर गाड्यांची रांग लागली. फुलाफुलांच्या, रेघांच्या, ठिगळांच्या, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या दवाखान्यातून आलेल्या चादरी निघाल्या. कोण कशावर झोपतं हे गावाला एका संध्याकाळी कळलं. ज्यांचं कुणी टेकडीवर नव्हतं तेही दुसऱ्यांची माणसं झाकू लागले. आणि जो तो येऊन आर्वोला विचारी, "इथं काय घालू?" कारण सुरुवात त्यानं केली होती. आर्वो बोटानं दाखवत हिंडला. एप्रिलपासून त्याच्याशी कुणी कुजबुजल्याशिवाय बोललं नव्हतं. आज लोक त्याला हाका मारत होते. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात तो टोमॅटो विसरला.

चादरी कमी पडल्या. जुन्या रांगांतल्या कबरींना वाली नव्हता. पास्टरबाई म्हणाल्या, "यांना का वगळायचं?" तेव्हा लेम्पीनं तिथंच उभ्या असलेल्या गावातल्या वॉरनला त्याच्या ट्रकसकट पिटाळलं. "आर्वोकडे चिकार चादरी आहेत. माझ्याच बहिणीनं घेतलेल्या. दार उघडंच असतं, जा आण." आर्वो त्या वेळी दुसऱ्या टोकाला पास्टरबाईंच्या चादरीचं टोक धरून उभा होता.

उजेड उतरत आला तेव्हा तो जुन्या रांगेकडे आला आणि थबकला. समोरच्या लहानशा कबरीवर निळ्या फुलांची चादर होती. दुपारी ती टोमॅटोवर होती.

"वॉरन," तो म्हणाला, "ही कुठून आणलीस?"

"तुझ्याकडून. घरात शिरायची पण वेळ आली नाही. तू परसात वाळत टाकल्या होत्यास ना, दगड ठेवून? सगळ्या आणल्या."

"खाली झाडं होती."

"हो, दिसलं काहीतरी हिरवं. बटाटेच ना? बटाट्याला काय होतंय, पुन्हा फुटतात."

"टोमॅटो होते."

वॉरन हसला. "काहीतरीच. मे महिन्यात टोमॅटो कोण लावतं?" मग त्यानं आर्वोचा चेहरा पाहिला आणि टोपी काढली.

आर्वोनं वाकून चादरीचं टोक धरलं. दगडावर नाव नव्हतं, नुसतं 'बाळ' असं कोरलं होतं आणि पुसट झालेलं आडनाव. त्यानं मान वर केली. पास्टरबाई, लेम्पी, एडना, सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं, आणि पास्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. यांच्यासमोर मेलेल्या पोराच्या अंगावरून चादर ओढायची, ती टोमॅटोसाठी? सायमीनं लावलेत हो ते, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं. त्यानं टोक नीट खोचलं आणि सरळ झाला.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. घरात पांघरायला फक्त कोट उरले होते. त्यानं आपले कोट टाकले, वर्तमानपत्रं टाकली आणि शेवटी सायमीचा हिवाळ्यातला जाड कोट उचलून आणला. तो क्षणभर नाकाशी धरला आणि उरलेल्या रोपांवर घातला. रोपांवर पालथ्या घालता आल्या असत्या अशा बादल्या भिंतीशी ओळीनं उपड्या होत्या. त्या त्याला सकाळी दिसल्या.

सकाळी ओढ्याकाठचं गवत पांढरं होतं आणि पायाखाली करकरत होतं. कागदाखालची रोपं शिजवलेल्या पालकासारखी काळीहिरवी होऊन पडली होती. त्याच्या आणि सायमीच्या कोटांखालची गोठली नव्हती. ती कोटांच्या वजनानं बुडापासून मोडली होती. आर्वो वाफ्यात गुडघे टेकून बसला आणि प्रार्थनेच्या दिवशी रडला नव्हता तेवढा रडला. मग हातपाय धुऊन, सूट घालून तो टेकडीवर गेला, कारण न जाऊन चालणार नव्हतं.

टेकडीवर सगळं टवटवीत होतं. झेंडा वर गेला, बिगूल वाजला. पास्टरबाई म्हणाल्या की इतकी सुंदर प्रथा त्यांनी कुठंच पाहिली नाही, आणि ती यापुढं दरवर्षी आर्वो कांगास यांच्या देखरेखीखाली चालू राहील. टाळ्या पडल्या. आर्वोनं मान लववली.

नंतर चादरी काढायचं काम सुरू झालं. एडनानं एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"गेली ना?" ती हळूच म्हणाली. "वॉरननं सांगितलं."

"सायमीनं लावलेली होती," आर्वो म्हणाला. "तिचं एवढंच उरलं होतं, एडना. आणि मी ते मारलं."

 आर्वो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. कुंपणालगतची रांग काल तशीच राहिली होती, तिथंवर चादरी पुरल्याच नव्हत्या. त्या रांगेतली फुलंही ताजी होती. गवतावर पांढरा ठिपकासुद्धा नव्हता.

"तिकडं झाकलं नव्हतं," तो म्हणाला.

"टेकडीवर दंव गोठत नाही. गारठा खाली उतरतो, ओढ्याकडे. मेल्विन इथं आल्यापासून मी बघतेय."

"म्हणजे तुला काल ठाऊक होतं?"

"होतं."

"मग झाकलंस कशाला?"

"तू सायमीला झाकलंस," एडना म्हणाली, "आणि मी मेल्विनला तसाच ठेवू? चार लोकांत?"

आर्वो चादर धरून उभा राहिला. एडना पुढं आली आणि तिनं आपली टोकं त्याच्या टोकांना जुळवली.

"माझ्याकडे रोपं आहेत खिडकीत," ती म्हणाली. "चांगली आहेत. त्यातली देते तुला."

"ती सायमीनं लावलेली नाहीत."

"नाहीत."

आर्वोनं बराच वेळ घडीवरून हात फिरवला. चादर कुणाची होती कोण जाणे.

"उद्या येतो घ्यायला," तो म्हणाला.

"उद्या नको," एडना म्हणाली. "जूनमध्ये ये."